भाऊजींनी मागितलेली वीस मिनिटं

वुडलँड्स, सिंगापूर
१६ मार्च २०२५

प्रिय प्रेमलाताई,

सप्रेम जय भीम.

तू माझा नंबर ब्लॉक केलास म्हणून कागदावर लिहितोय. पत्र आईच्या नावानं पाठवतोय, ती तुझ्या हातात देईल. फाडायचं असेल तर फाड, पण सामानाबद्दल लिहिलंय तेवढं वाचून फाड.

तुमचा फ्लॅट परवा रिकामा केला आणि किल्ली मालकिणीला दिली. अकरा खोकी जहाजानं निघाली आहेत, नागपूरला पोचायला दीड महिना लागेल. तुझे हॉस्पिटलचे गणवेश टाकायचे की पाठवायचे ते कळेना, शेवटी पाठवले. एकताची शाळेतली बक्षिसं वेगळ्या खोक्यात आहेत. भाऊजींची माती आणि दरडींवरची पुस्तकं त्यांच्या ऑफिसातल्या लोकांनी मागितली. "उत्तमसरांनी समासात खुणा केल्यात, आम्हाला राहू द्या," म्हणाले. तुला न विचारता दिली. मी त्याच ब्लॉकमध्ये चौथ्या मजल्यावर एक खोली घेतली आहे.

आता तुझ्या प्रश्नाबद्दल.

जपानला, साप्पोरोच्या शवागारात तू भाऊजींच्या हनुवटीवरची चिकटपट्टी पाहिलीस आणि विचारलंस, "ही कोणी लावली?" मी म्हणालो, दाढी करताना कापलं. त्यावर तू त्या दुभाषी बाईंसमोर माझ्या थोबाडीत मारलीस. भाऊजी डोंगरात कधी दाढी करत नाहीत हे तुझ्याइतकंच मलाही माहीत आहे. पण मी घाबरलो होतो, तोंडाला आलं ते बोललो. खरं म्हणजे सकाळी बुटांखाली स्नोशू, त्या बर्फावर चालायच्या पसरट जाळ्या, बांधताना पट्ट्याचं बक्कल उडून त्यांना लागलं होतं. एवढंच. तू एकोणीस वर्षं वॉर्डात काढलीस, तुला प्रत्येक जखमेमागे काहीतरी दिसतं. कधीकधी काही नसतं.

पोलिसांना सांगितलं तेच तुलाही नीट सांगतो. त्या आठवड्यात होक्काइडोत तीन रात्री आकाश स्वच्छ होतं, थंडी उणे अठरा. अशा रात्री बर्फाच्या पृष्ठभागावर पिसांसारखे चपटे स्फटिक उगवतात. त्यांच्यावर नवा बर्फ पडला की तो धरून राहत नाही, मणी सांडलेल्या फरशीवर गादी टाकावी तसा नुसता टेकलेला असतो. गुरुवारी वादळ झालं. हातभर नवा बर्फ पडला आणि वाऱ्यानं पलीकडचाही उचलून आमच्या बाजूच्या उतारावर आणून टाकला. शुक्रवारी, एकतीस जानेवारीला, भाऊजी, आमच्या ट्रेकिंग ग्रुपमधला अनिमेष आणि मी वर गेलो. झाडी संपते तिथं भाऊजींनी खड्डा खणून थर तपासले. मग "मी पुढे जाऊन बघतो" म्हणून ते उघड्या उतारावर गेले आणि उतार सुटला. आम्हा तिघांत तेच जाणते होते. जाणत्या माणसाचाही अंदाज चुकतो.

आठ तारखेला बिशानला आमच्या ट्रेकिंग ग्रुपची बैठक झाली. ग्रुप चालवणाऱ्या शैलेंद्रनं मला अपघाताचा अहवाल मांडायला सांगितला. बावीस माणसं आली होती. पहिल्या स्लाइडचा मथळा होता, "अनुभवी माणसाचा अतिआत्मविश्वास". तिथूनच कोणीतरी नागपूरच्या पेपरला कळवलं. तू ते वाचलंस असं आई म्हणाली. तुला वाईट वाटलं असेल, पण दुसऱ्या कोणाचा जीव वाचावा एवढाच माझा हेतू होता.

एकताला पापा.

तुझा,
दीपू


वुडलँड्स
२० एप्रिल २०२५

ताई,

जय भीम.

आईचा फोन आला होता. ती म्हणाली, "एकताच्या वर्गातलं पोट्टं म्हणे, तुझा बाप येडा होता, पेपरात छापून आलं. हिनं उठून कंपासपेटीच हाणली त्याच्या तोंडावर. भुवईवर चार टाके पडले. बाईनं धरलं तर बाईच्या हाताला चावली. दीपू, ही पोरगी अशी नव्हती रे."

नव्हती. आम्ही बिशानच्या बागेत बीकनचा सराव करायचो, ते यंत्र गं, छातीवर बांधायचं, बर्फाखाली गाडलेला माणूस कुठे आहे ते दुसऱ्याच्या यंत्राला कळवणारं. एकता ते पालापाचोळ्यात लपवायची आणि बाकावर बसून तिच्या सिंगापुरी इंग्लिशमध्ये ओरडायची, "कोल्ड, मामा, कोल्ड! आता वॉर्म लाह!" भाऊजी घड्याळ धरून उभे असायचे. तिला मुंगी मारलेली चालायची नाही.

ते चार टाके माझ्यामुळे पडले आहेत.

बक्कल लागलं नव्हतं, ताई. भाऊजी उतारावर गेले नव्हते. ते परत फिरा म्हणत होते.

हे तुला लिहिणार म्हणून मी आधी अनिमेषला सांगितलं. आम्ही वुडलँड्सच्या हॉकर सेंटरमध्ये बसलो होतो, दुपारची वेळ, शेजारच्या टेबलावर एक म्हातारं जोडपं जेवत होतं.

"आता काय मिळणार आहे?" तो म्हणाला. "उत्तमसर परत येणार आहेत?"

"एकतानं एका पोराचं डोकं फोडलं."

"म्हणून तू स्वतःचं फोडून घेणार? आणि माझंही? मी पोलिसांसमोर मान डोलावली आहे, रत्नदीप. कागदावर सही केली आहे."

"तुझं नाव मी टाळीन."

"कसं टाळशील? तिथं तीनच माणसं होती."

मी टेबलावरून वाकून त्याची कॉलर धरली. चहा सांडला, त्याची खुर्ची मागच्या मागे उलटली, ती म्हातारी बाई किंचाळली. तो हात उचलून तोंड झाकत होता. माझी मूठ वर गेली होती आणि मला ती दिसली. मग मी त्याला सोडलं. तो कपडे झटकत म्हणाला, "हेच. हेच केलंस तू तिथंही." आणि निघून गेला.

याहून जास्त आज लिहवत नाही. पण सगळं लिहिल्याशिवाय तुझ्याकडे काही मागणार नाही, क्षमासुद्धा.

दीपू


वुडलँड्स
११ मे २०२५

ताई,

जय भीम.

उद्या बुद्धपौर्णिमेची सुट्टी आहे. दरवर्षी या दिवशी आपण तुमच्या घरी जमायचो, भाऊजी खीर करायचे आणि वेलची जास्त घालायचे. आज सकाळपासून दार लावून बसलो आहे आणि लिहितो आहे.

भाऊजींनी खड्डा खणला हे खरं आहे. खड्ड्याच्या भिंतीत त्यांनी वीतभर रुंदीचा एक खांब कापून मोकळा केला. त्याच्यावर फावड्याचं पातं ठेवून थापा मारायच्या असतात, आधी नुसत्या मनगटानं दहा, मग कोपरापासून दहा, मग खांद्यापासून दहा. खांब जितका उशिरा तुटेल तितका उतार भरवशाचा. आमचा खांब मनगटाच्या तिसऱ्या थापेला तुटला. वरचा अख्खा ठोकळा ड्रॉवर उघडावा तसा सरकला आणि भाऊजींच्या मांडीवर आला.

"झालं," ते म्हणाले. "फिरा मागं."

हे आमचं तिसरं वर्ष होतं. आधीची दोन्ही वर्षं आम्ही त्यांच्या सांगण्यावरून याच जागेवरून परतलो होतो. वर्षभर मी वुडलँड्सच्या ब्लॉकचे पंचवीस मजले पाठीवर तांदळाची पोती घेऊन चढत होतो. शेजारची चिनी आजी विचारायची, लिफ्ट बिघडली का. मी म्हणालो, "डावीकडचा उतार कमी आहे. तिकडून जाऊ."

त्यांनी उतार मोजला. "इथं छत्तीस अंश. तिकडं चौतीस. मरायला दोन्ही पुरतात."

"तुम्हाला दरवेळी काहीतरी सापडतं."

"मला सापडत नाही बे. ते असतं."

"तुम्ही जा. मी एकटा जातो."

मी वळलो तर त्यांनी माझ्या सॅकचा पट्टा मागून धरला. ते रागावले नव्हते. ते म्हणाले, "तुला सिंगापूरला मी आणलं, दीपू. ताईकडे परतही मीच नेणार."

ते प्रेमानं बोलले होते. आज ते वाक्य माझ्या कानात जसंच्या तसं आहे आणि त्यात प्रेमाशिवाय काही सापडत नाही. पण त्या दिवशी मला वेगळंच ऐकू आलं. तुमच्या हॉलमधल्या सोफ्यावर काढलेली दोन वर्षं, त्यांच्या ओळखीनं मिळालेली नोकरी, आठ वर्षं सगळीकडे "हा उत्तमसरांचा मेव्हणा" अशी होणारी ओळख, ते सगळं एकदम माझ्या डोक्यात चढलं.

मी ठोसा मारला. एक. आमच्या हातमोज्यांना बोटांवर कडक कवच असतं. हनुवटी फुटली, ते पाठीवर आपटले. बर्फावर रक्त पडलं की ते आत मुरतं, पसरत जातं. अनिमेषनं मला मागे ओढलं आणि झाडाच्या बुंध्याशी दाबून धरलं. मी त्यालाही कोपर मारलं. "वेडा झालास का," तो ओरडत होता, "भाऊजी आहेत ते तुझे!"

मग त्यानंच स्वतःच्या सॅकमधून औषधांचा डबा काढून भाऊजींच्या हनुवटीवर पट्टी लावली. ती पट्टी तू पाहिलीस. त्यांचं रक्त थांबायला आणि त्या पट्टीच्या कडेनं सुकायला वेळ मिळाला होता. म्हणून तुला कळलं, हो ना? मेलेल्या माणसाची जखम तशी सुकत नाही.

भाऊजी उठले, अंगावरचा बर्फ झटकला आणि मला म्हणाले, "तुला जायचंच असेल तर मी बांधून नेऊ शकत नाही. पण एक ऐक. आमची परतीची वाट या उताराच्या खालून, ओढ्यातून जाते. वर कोणी नसेल तर ती पार करता येते. आम्ही पलीकडच्या झाडीत पोचेपर्यंत इथं वर पाय ठेवू नकोस. वीस मिनिटं. घड्याळ लाव."

मी त्यांच्यासमोर घड्याळ लावलं. दहा वाजून बेचाळीस मिनिटं.

ते दोघं झाडीतून खाली उतरले आणि दिसेनासे झाले. मी उभा राहिलो. माझी मूठ दुखत होती. मला वाटलं की मी थांबलो तर पुन्हा त्यांचंच ऐकल्यासारखं होईल. हे कारण आहे, ताई, मी दुसरं शोधून पाहिलं, मला सापडलं नाही. दहा एक्कावन्नला मी निघालो. नऊ मिनिटांनी. स्वतःला सांगितलं, एव्हाना ते पोचले असतील.

मी उतारावर दहा-बारा पावलं टाकली असतील. पायाखालून "धप्प" असा आवाज आला, अख्खा डोंगर एकदम खाली बसल्यासारखा. माझ्या बुटांच्या पुढून एक भेग निघाली आणि कापड टरकावं तशी उजवीकडे पळत गेली. मग भेगेच्या खालचा सगळा उतार सुटला, आधी हळू, मोठमोठे चौकोनी तुकडे होत, आणि मग एकदम. मी अगदी वरच्या कडेला होतो म्हणून वाचलो. एक पाय पोकळीत गेला, मी तुटलेल्या कडेवर छातीवर पडलो आणि काठी रुतवून लोंबकळलो.

तिथून मला ओढा दिसला.

अनिमेष पलीकडच्या झाडीत बराच आत पोचला होता. धोक्याची जागा एकेकट्यानं ओलांडायची हा भाऊजींचाच नियम, त्यांनी त्याला आधी पाठवलं होतं. ते स्वतः ओढ्याच्या बरोबर मधोमध होते, नारिंगी जॅकेट. त्यांनी वर पाहिलं. दोनशे मीटरवरून माणसाचं तोंड दिसत नाही, पण मान वर झालेली दिसते. त्यांनी मला पाहिलं, ताई. मग ते तीन पावलं पळाले. पायांत स्नोशू होते, चौथं पाऊल पडलं नाही. पांढरी भिंत आली आणि ओढा भरून गेला. पलीकडच्या काठावरची माझ्या मांडीएवढी झाडं काड्यांसारखी मोडली, त्यांचा आवाज मी मोजू शकलो असतो, इतका स्पष्ट.

मी कसा उतरलो ते आठवत नाही. घसरत, पडत. अनिमेष आधीच बीकन घेऊन शोधत होता आणि ओरडत होता, "तू वर का गेलास! अजून वीस झाली नव्हती!" सिग्नल लवकर मिळाला. लांब सळई खुपसली, ती एक मीटर नव्वदवर मऊ लागली. थांबलेला हिमलोट सिमेंटसारखा घट्ट होतो, फावड्याचं पातं वाजतं. पहिली पंधरा मिनिटं हातात असतात, नंतर माणूस झपाट्यानं जातो, हे मला भाऊजींनीच शिकवलं होतं. आम्हाला चौतीस लागली.

त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं तुटली होती, ती पाहिलीस ना? ते फावडं माझं. मी जोरात हाणत होतो आणि त्यांचा हात तोंडापाशी होता, हवा धरायला वर घेतलेला. रक्त आलं नाही. तेव्हाच कळलं, तरी मी खणत राहिलो. तोंडात बर्फ ठासून भरला होता, तो मी बोटानं काढला. छाती दाबायला लागलो. बरगड्या मोडल्याचं माझ्या तळहातांना कळलं, दोन. बचाव पथक येईपर्यंत अडीच तास मी दाबत होतो. त्यांनी मला दोघांनी धरून बाजूला केलं. मी एकाला लाथ मारली.

पोलीस स्टेशनमध्ये त्या अधिकाऱ्यानं माझ्या हातात गरम चहा दिला. दुभाषी बाईंनी विचारलं, "उतारावर पुढे कोण होतं?"

मी म्हणालो, "उत्तम."

अनिमेषनं माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

तुरुंगाची भीती होती, सिंगापूरचा कामाचा पास जाईल ही भीती होती. पण सगळ्यांत जास्त तुझी होती. मला दोष टाकायला एक माणूस हवा होता आणि जो नाही म्हणायला येणार नव्हता त्याच्यावर मी तो टाकला. मग बिशानच्या हॉलमध्ये उभा राहून त्यांच्या नावाचा मथळा दाखवला. लोकांनी मला धीर दिला. मी तो घेतला.

भाऊजींचा अंदाज चुकला नव्हता. एक शब्दही चुकला नव्हता.

रत्नदीप


वुडलँड्स
८ जून २०२५

ताई,

जय भीम.

चार महिन्यांनी तुझा मेसेज आला. "एकताला तू सांग. मी सांगणार नाही." एवढाच. काल मी तिला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. तू फोन तिच्या हातात देऊन खोलीबाहेर गेलीस, म्हणून काय बोलणं झालं ते लिहितो. पण आधी बाकीचं.

चोवीस मेला मी बिशानला ग्रुपची बैठक बोलवायला लावली आणि सगळं सांगितलं. ठोसा, वीस मिनिटं, नऊ मिनिटं, पोलिसांना दिलेला जबाब. मग शैलेंद्र उठला. तो शांत माणूस आहे, तुला माहीत आहे. तो जवळ येऊन म्हणाला, "उत्तमनं मला दोनदा डोंगरावरून जिवंत खाली आणलंय. आणि मी तुझ्या हातून त्याची बदनामी करवली?" आणि त्यानं मला मारलं. पहिल्या फटक्याला दात गेला. खाली पडल्यावर त्यानं घडीची खुर्ची उचलली, तेव्हा बाकीच्यांनी त्याला धरलं. मी हात उचलला नाही. त्यात काही मोठेपणा नाही, मार खाऊन काही भरून येतं असं मला वाटत नाही. तो नंतर पायरीवर बसून रडला.

दवाखान्यात माझ्याबरोबर अनिमेष आला. टॅक्सीत तो म्हणाला, "मीही पोलिसांना पत्र पाठवलं काल. सही खोटी होती म्हणून."

मीही जपानच्या पोलिसांना लिहिलं होतं, तिकडून मला उत्तर आलं आहे. एकोणीस जूनला हजर राहायचं आहे, जबाब नव्यानं घेतील. पुढे काय होईल ते लिहिलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. ऑफिसला कळवलं आहे. ग्रुपनं जुना अहवाल मागे घेऊन नवा लावला, त्यात भाऊजींनी घेतलेली खांबाची परीक्षा, त्यांचा निर्णय आणि माझं नाव आहे. नागपूरच्या त्या पेपरनं माझं पत्र सातव्या पानावर खाली छापलं, पाच ओळी. कापून ठेव. टाके पडलेल्या त्या मुलाच्या घरी दाखवायला लागेल.

आता एकता.

ती खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. केस कापलेत तिचे, मोठी दिसते. मी विचारलं, इंग्लिशमध्ये सांगू का. ती म्हणाली, "मराठीत सांग. पण स्लोली."

मी सांगितलं. खांबापासून सुरू केलं. तिला परीक्षा माहीत होती, मान हलवत होती. ठोशापाशी आलो तेव्हा तिनं मला थांबवलं.

"मामा, पप्पांना किती वेळा मारलंस?"

"एकदा."

तिनं स्वतःच्या उजव्या कुशीवर हात ठेवला. "आई म्हणते इथं पण निळं होतं. डोन्ट लाय, लाह."

ताई, मी तुला एक ठोसा लिहिला होता. सगळं लिहिलं आणि तेवढं तेव्हाही लपवलं. ते खाली पडल्यावर मी त्यांना लाथ मारली होती, बुटानं, कुशीत. अनिमेषनं मला ओढलं ते त्यानंतर. तू शवागारात ते पाहिलं होतंस आणि तरी मला त्याबद्दल कधीच विचारलं नाहीस, माझं पत्र आल्यावरही नाही.

"दोनदा," मी म्हणालो. "दुसऱ्यांदा लाथ. ते पडलेले होते."

"मग पप्पा काय म्हणाले?"

"काही नाही. चष्मा शोधत होते."

"मग?"

"मग उठून म्हणाले, आम्ही खाली जातो, तू वीस मिनिटं थांब."

"तू किती थांबलास?"

"नऊ."

तिनं मनात वजाबाकी केलेली मला दिसली. "इलेव्हन मोर ओन्ली," ती म्हणाली. "अकरा मिनिटं ओन्ली, मामा."

तिनं विचारलं, "पप्पा परत येत होते?"

"हो. परत फिरले होते. घरी यायला."

तिनं फोन टेबलावर उताणा ठेवला. मला तुमच्या खोलीचा पंखा दिसत होता. पलीकडून काहीतरी आपटल्याचा आवाज आला, मग आणखी, एकाच जागी, पुन्हा पुन्हा. ती ओरडत नव्हती, नुसता आवाज येत होता. मी तिला हाक मारली नाही आणि फोनही बंद केला नाही. खूप वेळानं ती परत आली. केस तोंडावर आले होते, ती जोरजोरात श्वास घेत होती.

"पोलिसांना ट्वाइस सांग," ती म्हणाली. "वन्स नाही."

"सांगतो."

"आणि नऊ. ॲप्रॉक्सिमेटली नाही सांगायचं."

"नऊ सांगेन."

"सांगून झालं की मला फोन कर. खोटं बोललास तर मला कळेल." आणि तिनं फोन बंद केला.

ताई, तिची बोटं बघ. भिंतीवर मारत होती ती, उजव्या हाताची बोटं सुजली असतील. तुला दाखवणार नाही, तूच बघ.

रत्नदीप